टपाल इलो

टपाल हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे. टपाल आलं, टपाल गेलं, टपाल साहेबांसमोर ठेवलं. नोकरीची पहिली सात वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. तेव्हा हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडून जायचा आणि दर वेळी नपुंसकलिंगीच असायचा. माझ्या आजीच्या तोंडी मात्र तो पुल्लिंगी होता.

आजी म्हणजे आईची आई. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या बाजूला आमचं आजोळ. मे महिन्यात आम्ही तिथे असायचो. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला पायवाटेच्या वळणावर, काजीच्या झाडांमागून पांढरी टोपी दिसली की पडवीत बसलेली आजी आत हाक द्यायची, "टपाल इलो गो, पाय धुवक पाणी दी." मालवणीत इलो म्हणजे आला, इली म्हणजे आली, इलां म्हणजे आलं. पाणी देऊन झालं की तीच आजी त्याच माणसाला विचारायची, "मुंबयसून टपाल इलां काय?" एक टपाल इलो आणि एक टपाल इलां. दोन्हींत तिची कधी गल्लत झाली नाही. पहिलं टपाल म्हणजे माझे आजोबा.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत. त्यामुळे आजीने आपल्यापुरती ही सोय करून घेतली असेल, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण सगळा गावच तसं बोलायचा. तरीवाला होडी सोडताना काठावर उभ्या माणसांना ओरडून सांगायचा, "थांबा रे, टपाल इलो हा." शाळेतल्या पोरांना, सड्यावर गुरं राखणाऱ्यांना, सगळ्यांना तो माणूस म्हणजेच टपाल. पोस्टमन हा शब्द मी तिथे फक्त आमच्या वडिलांच्या तोंडी ऐकला, आणि तेही मुंबईहून आलेले म्हणून. आजोबांना स्वतःला विचारलं तर ते सांगायचे, "मी रनर."

रनर. जन्मात कधी धावताना न दिसलेल्या त्या शांत माणसाने हा शब्द सांगितला की मला नवल वाटायचं. ते झपझप चालायचे, पण धावायचे नाहीत. धावणारे त्यांच्या आधीचे. आजोबांच्या चुलत्यांनीही हेच काम केलं होतं, आणि त्यांची घुंगुरकाठी माळ्यावर आडवी ठेवलेली मी पाहिली आहे. काठीच्या टोकाला भाल्याचं पातं, खाली घुंगरं. जनावर बिचकून वाटेतून बाजूला व्हावं आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला लांबूनच चाहूल लागावी, अशी दोन्ही कामं ती घुंगरं करायची. टप्प्यावरचा माणूस थैली घेऊन पुढे धावत सुटायचा. इंग्रजी अमलात देशभर टपाल असंच पायांवर चाललं, रेल्वे आल्यावरही स्टेशनच्या पुढे पायांवरच. धावणं संपलं, सायकली आल्या, एसटीच्या टपावरून आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून थैल्या जायला लागल्या, तरी शब्द रनरच राहिला.

आजोबा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कागद सापडले. तोवर मी सरकारी नोकरीत लागले होते, कागद वाचायची सवय झाली होती. त्यावर त्यांचं पद लिहिलं होतं: ई. डी. एम. सी. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल मेल कॅरिअर. खात्याबाहेरचा टपाल वाहणारा. हा कागद मी पडवीत बसून पुन्हा पुन्हा वाचला. एक्स्ट्रा हा शब्द मला बोचला, आजही बोचतो. त्यामागची व्यवस्था मी पुढे समजून घेतली. खेड्यातल्या पोस्टाला दिवसभराचं काम नसतं, म्हणून गावातल्याच शिक्षकाने किंवा दुकानदाराने दिवसाचे काही तास पोस्ट सांभाळायचं, गावातल्याच शेतकऱ्याने थैली वाहायची. पोटापाण्याचं दुसरं साधन असायलाच हवं, अशी नेमणुकीची अटच. देशाच्या खेड्यापाड्यांत पोस्ट पोचलं ते या रचनेमुळे, हे मान्यच करायला हवं. आज देशात दीड लाखाच्या वर पोस्टं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. पण त्यांचा भार ज्यांनी उचलला ते कागदोपत्री बाहेरचे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही माणसं नुसती एजंट नाहीत, ती नागरी पदावर आहेत आणि राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचं, म्हणजे चौकशीशिवाय नोकरीवरून न काढण्याचं, संरक्षण त्यांनाही आहे. २००१ च्या नियमांत नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. २०१८ मध्ये पदांची नावं पुन्हा बदलली. नियमित केंद्रीय कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र त्यांना अजूनही नाही.

आजोबांना या कशाचं काही वाटत होतं असं दिसलं नाही. त्यांना अभिमान होता तो थैलीच्या लाखेचा.

लाख लावताना मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. गावचं पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची पुढची पडवी. तिथे एक टेबल, तारखेचा शिक्का, वजनाचा छोटा काटा आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेल्या कॅनव्हासच्या थैल्या. मास्तर यादी तपासून पत्रं आत टाकायचे. आजोबा थैलीचं तोंड मुठीत गोळा करून चुण्या सारख्या करायचे, त्यावर सुतळीचे वेढे, गाठ, गाठीपाशी पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मग चिमणीच्या ज्योतीवर लाखेची कांडी धरायची. ती आधी घाम आल्यासारखी चकाकायची, मग तिच्या टोकाला थेंब धरायचा. तो थेंब गाठीवर पडला की आजोबा पितळी शिक्का जिभेला लावून ओला करायचे, नाहीतर लाख शिक्क्याला चिकटते, आणि दाबून मनातल्या मनात काहीतरी मोजून उचलायचे. अक्षरं स्वच्छ उठली की शिक्का मास्तरांच्या हातात परत जायचा. एकदा मी गरम लाखेला बोट लावलं आणि भाजून घेतलं. आजोबांनी बोटावर खोबरेल लावलं आणि म्हणाले, "एकदा शिक्को मारलो काय मग माकाय हात लावचो अधिकार नाय." खांद्यावरून रोज नेणाऱ्यालाही आतलं काही उघडायचा अधिकार नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लाखेचा तो जळकट गोडसर वास अजून नाकात आहे.

या माणसाला नाव काय द्यावं हा प्रश्न मराठीला फार जुन्या काळापासून पडलेला आहे, आणि मराठीने त्याची उत्तरंही खूप दिली. पेशवाईतली पत्रं वाचताना मला त्यांतल्या राजकारणापेक्षा ती पत्रं नेणारी माणसं जास्त दिसतात. काशीद, जासूद, हरकारा, सांडणीस्वार, अजुरदार. सांडणी म्हणजे उंटीण, तिच्यावर बसून लांबचा पल्ला मारणारा तो सांडणीस्वार. अजुरा म्हणजे मजुरी, ती ठरवून पत्र पोचवणारा अजुरदार. हरकारा म्हणजे हर कार करणारा, पडेल ते काम अंगावर घेणारा. आपला हरकाम्या त्याचा सख्खा भाऊ शोभतो. काशीद हा अरबीतून आलेला, मुक्कामाचा रोख धरून निघालेला. त्या पत्रांत पुष्कळदा जोडी पाठवल्याचा उल्लेख असतो, जासूद जोडी, काशीद जोडी. वाटेत एकजण पडला, धरला गेला, नदीत वाहून गेला, तर दुसऱ्याने पत्र पोचवायचं. हे वाचलं की पावसाळ्यात तरीतून पलीकडे जाणारे आजोबा आठवतात. त्यांना जोडी नव्हती.

या सगळ्यांत माझा आवडता शब्द जासूद. मूळ अरबीत जासूस म्हणजे हेर, आणि हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीने त्याला निरोप नेणारा केला. तसं पाहिलं तर हे किती खरं आहे. जो माणूस गावोगाव पत्र घेऊन फिरतो त्याला सगळं दिसतं. कुठे छावणी पडली, कुठे धान्य महाग झालं, कोणाच्या घरात तंटा आहे. तो हेर व्हायला काही वेगळं करावं लागत नाही, डोळे उघडे असले की झालं. मग त्याने काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, यावर सगळा भरवसा. आज जासूद म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईकांसारखे हेरच आठवतात. पत्र पोचवणारा जासूद मागे पडला, याची मला चुटपुट आहे.

पानिपतची बातमी पेशव्यांना कशी कळली ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालं. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, एका सावकाराचा काशीद सापडला आणि त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांनी फोडलं. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. सावकारी भाषेतला हिशेब, आणि प्रत्येक आकड्यामागे माणसं. ही ओळ महाराष्ट्राला पाठ आहे. ती खांद्यावरून घेऊन इतक्या लांब चालत आलेला माणूस कोण होता, त्याला आपल्याजवळ काय आहे याची कल्पना होती का, पत्र फोडताना तो तिथेच उभा होता का, हे मला दर वेळी विचारावंसं वाटतं. इतिहासात त्याचं नाव उरलं नाही, त्याच्या कामाचं उरलं: काशीद.

वाईट बातमी घेऊन चालणं म्हणजे काय, हे मी आजोबांकडे बघून थोडंफार जाणते.

पूर्वी कोणी गेल्याचं कार्ड यायचं त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. लग्नाच्या पत्रिकेला चारही कोपऱ्यांवर हळदकुंकवाचं बोट, आणि मयताच्या कार्डाचा कोपरा तुटका, म्हणजे वाचण्याआधीच हाताला कळावं. वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. सकाळी मास्तरांच्या पडवीत पत्रं लावताना असं कार्ड निघालं की आजोबा ते गठ्ठ्यात ठेवायचे नाहीत, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे. मग दिवसभर त्यांचं बोलणं कमी व्हायचं. एकदा मी त्यांच्यासोबत वाडीत फिरत होते. एका घराशी आम्ही पोचलो तेव्हा घरातली बाई चुलीपुढून हात पुसत बाहेर आली. आजोबांनी विचारलं, "जेवलंस काय?" ती म्हणाली, आता वाढतेच आहे. "मग आधी जेव. मी टेकतंय थोडो." ते पायरीवर बसले. मला काही कळेना. आत भांड्यांचा आवाज, बाहेर आजोबा खिशावर हात ठेवून बसलेले. तिचं जेवण झाल्यावर त्यांनी कार्ड काढलं, आणि तिला वाचता येत नव्हतं म्हणून वाचूनही दाखवलं. तिचा भाऊ गेला होता.

परतताना मी विचारलं, एवढा वेळ का बसलो. ते म्हणाले, एकदा वाचलं असतं तर उद्यापर्यंत तिच्या पोटात काही गेलं नसतं.

त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. पत्र मिळालं की लगेच द्यावं हा नियम त्यांना पक्का माहीत होता आणि तो त्यांनी कधी मोडला असेल तर एवढ्यापुरताच. जासूद शब्दातला तो जुना भरवसा मला त्या पायरीवर दिसतो.

मनिऑर्डरीचंही तसंच. आपल्याकडे मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षं कोकणाची चूल तिच्यावर पेटली असं म्हटलं तर त्यात काही अतिशयोक्ती नाही. घरटी एक माणूस गिरणीत, गाळ्यावर राहायचं, खानावळीत जेवायचं, पगार झाला की गावी मनिऑर्डर करायची. फॉर्मच्या खालच्या कूपनवर चार ओळी लिहायला जागा असायची. पैसे मोजून झाले की आजोबा ते कूपन वाचून दाखवायचे आणि मगच शाईचं पॅड पुढे करायचे. म्हातारी अंगठा टेकवायची, तो नीट उठला का ते दोघं वाकून बघायची. कोणाला किती येतात, कोणाचे कमी झाले, कोणाचा मुलगा आईच्या नावावर पाठवतो आणि कोणाचा बायकोच्या, हे सगळं आजोबांना माहीत. त्यांच्या तोंडून दुसऱ्या घरी एक अक्षर गेलं नाही. आजीलाही नाही. आजी विचारायची, तेव्हा म्हणायचे, "माका ठावक नाय."

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मुंबईत काय चाललंय ते रेडिओवर यायचं, पण गावात संप आजोबांच्या थैलीतून कळला. पहिल्या महिन्यात मनिऑर्डरी कमी झाल्या. पुढच्या महिन्यात काही घरांच्या बंदच झाल्या. बायका उंबऱ्यात उभ्या राहून पायवाटेकडे बघायच्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी पाहिलं की आजोबा नेहमीच्या वाटेने येत नाहीत, व्हाळाच्या बाजूने लांबचा वळसा घालून येतात. आजी वैतागली, उन्हाचं उगाच का फिरतात म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. ज्या दारात द्यायला काही नाही त्या दारावरून टपालाने रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच होतं ते. हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि आईलाही ते उशिराच उमगलं होतं.

मुंबईला आजोबा आयुष्यात दोनदाच आले. दुसऱ्या खेपेला मी त्यांना जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य पोस्ट, दाखवायला नेलं. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारी ती इमारत १९१३ साली पुरी झाली, जॉन बेगने तिचा आराखडा केला. हे सगळं मी वाचून गेले होते आणि त्यांना सांगत होते. ते घुमटाखाली उभं राहून टोपी हातात धरून वर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमची थैली हयसून सुटता?" मी हो म्हटलं. त्यांनी खिडकीच्या लाकडी फळीवरून हात फिरवला, घरच्या टेबलावरून फिरवतात तसा.

शब्दांच्या बाबतीत महाराष्ट्राची जागा मोठी मजेची आहे. उत्तरेला डाक चालते: हिंदीत डाकिया, बंगालीत डाकपियन. दक्षिणेला आणि पश्चिमेला टपाल. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे, त्यांच्याकडे पत्र आणणारा तो टपाली. समोरच्या तमिळ आजी त्यालाच तबालकारर म्हणतात. तेलुगूत तपाला, मल्याळमात तपाल. कन्नडने मात्र आपला अंचे हा वेगळा शब्द जपला, आणि त्रावणकोर संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं ते अंचल नावाचं. मराठीत दोन्ही नांदतात. तोंडात टपाल आणि पोस्ट, पाटीवर डाकघर. टपालतिकीट आपलं, टपालहशील आपलं, टपाली मतदान आपलं, पण खात्याचं नाव भारतीय डाक. डाकबंगल्यातली डाकही तीच, घोडे बदलण्याच्या टप्प्यावरची. मला डाक शब्दाचा राग नाही. पण डाक सेवक म्हटलं की डोळ्यांपुढे एक पद येतं, टपालवाला म्हटलं की माणूस येतो.

गुजरातीसारखा टपाली हा सुटसुटीत शब्द मराठीने माणसासाठी का केला नाही, याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आपण वाला जोडतो, दूधवाला, भाजीवाला तसा टपालवाला. आता वाटतं, आजीच्या मालवणीने तोही जोड काढून टाकला होता. नुसतं टपाल, फक्त लिंग बदललेलं.

दिवाळीत पोस्टमन पोस्त मागायला यायचा, तेव्हा पोस्त हा शब्द पोस्टावरूनच आला असं मी लहानपणी धरून चालले होते. तसं नाही. पोस्त म्हणजे सणाची बक्षिसी, ती दूधवाल्यालाही मिळते आणि रखवालदारालाही. पण आमच्या चाळीत पोस्टमनला पोस्त देताना आई फराळाची पुडीही द्यायची, आणि दार लोटायच्या आधी त्याच्या मुलांचं विचारायची. तोही आमचं विचारायचा. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याने जिन्यातूनच विचारलं होतं, किती टक्के.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे कळलं तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. एका नावाची गावं ढीगभर, शिरगाव म्हटलं तर देवगडातलं की मावळातलं, आणि त्यात अक्षर वाचता न येणारं. सहा आकड्यांनी तो गुंता सुटला. आजोबांनी आमचे सहा आकडे पाठ करून टाकले होते आणि पत्र लिहिताना पत्त्याआधी ते लिहायचे.

मग एकेक शब्द गळायला लागला. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तार आली म्हटल्यावर वाचायच्या आधीच रडायला लागणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्या सुनांना आज तार म्हणजे विजेची. आमच्या टेबलावर ज्याच्यावाचून पान हलत नव्हतं ते रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळून गेलं. आता दारावरची बेल वाजते आणि पोरगा एकच शब्द बोलतो, "पार्सल." हेल्मेट डोक्यावर, डोळे मोबाइलवर, दुसऱ्या हातात पुढच्या मजल्याचं खोकं. त्याला पाणी विचारलं तर नको म्हणतो, वेळ नसतो. आम्हीही आत सांगतो, पार्सल आलंय. पार्सल आला असं कोणी म्हणत नाही. आज आलेला मुलगा उद्या येत नाही, त्याचं नाव विचारावं तोवर तो जिना उतरलेला असतो. त्यात त्याचा दोष कणभर नाही. शब्दाला माणूस चिकटायला तोच माणूस वर्षानुवर्षं त्याच दारात यावा लागतो.

गेल्या वर्षी आजोळी गेले होते. आजी-आजोबा गेल्याला किती वर्षं झाली. घरात धाकटी मामी असते, तीही आता पंच्याऐंशीच्या पुढे. मास्तरांची पडवी पडली, पोस्ट आता दुसऱ्या वाडीत एका खोलीत आहे. दुपारची मी पडवीत बसले होते. वळणावर टोपीऐवजी स्कूटी दिसली. एक पंचविशीतली मुलगी, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, गळ्यात ओळखपत्र. त्यावर सहायक शाखा डाकपाल असं लिहिलेलं. तिने पाठीवरची पिशवी काढून पायरीवर ठेवली, त्यातून मोबाइल आणि बोटाचा ठसा घ्यायचं छोटं यंत्र काढलं. पोस्टाची पेमेंट्स बँक २०१८ पासून देशभर आहे, मामीचे निराधार योजनेचे पैसे ती असे घरी येऊन देते.

मामीने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या. दुसऱ्यांदा ठेवला, पुन्हा नाही. मुलीने मामीचा हात आपल्या हातात घेतला, ओढणीच्या टोकाने अंगठा पुसला, दोन्ही तळव्यांत धरून थोडा चोळला, ऊब आल्यावर पुन्हा टेकवला. ठसा उठला. दोघी वाकून पडद्याकडे बघत होत्या. मुलीने नोटा मोजून मामीच्या हातात दिल्या आणि विचारलं, "जेवलंस काय गो आये?"

मी पाणी आणायला आत गेले होते. परत येताना ऐकलं, गडग्यापलीकडून शेजारीण विचारत होती, कोणाची गाडी ती. मामी नोटा कनवटीला खोचत ओरडली, "टपाल इली."